तुम्ही विचारलंत म्हणून: पेन्शन नसते का हो त्यांना?

सुट्टीला साताऱ्याला आले की हा प्रश्न ठरलेला. मी सॅन डिएगोला राहते आणि तिथल्या बेघर माजी सैनिकांसाठी चालणाऱ्या कामात अधूनमधून हातभार लावते, एवढं कळलं की समोरचा हमखास म्हणतो, "फौजेतली माणसं रस्त्यावर झोपतात? अमेरिकेत? पेन्शन नसते का हो त्यांना?" अपशिंग्यासारखी घरटी फौजी असलेली गावं आमच्या जिल्ह्यात, त्यामुळे विचारणाऱ्याला खरंच पटत नसतं.

तर, नसते. वीस वर्षं नोकरी केली तर असते, पण बहुतेक जण तेवढी करतच नाहीत. अठराव्या वर्षी भरती व्हायचं, चारेक वर्षांचा करार पुरा करायचा आणि बाविशी-तेविशीत बाहेर पडायचं. माझे काका हवालदार होऊन पेन्शनवर आले तेव्हा चाळिशी उलटली होती. गावात घर होतं, थोडं रान होतं, खिशात कॅन्टीनचं कार्ड होतं, आणि लवकरच बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहायची नोकरीही लागली. तेविशीतल्या अमेरिकन पोराला यातलं काहीच नसतं. घर सोडून निघाला तेव्हाच बाप म्हणालेला असतो की आता तुझं तू बघ. (आपल्याकडेही 2022 पासून अग्निवीर चार वर्षांसाठी घेतात. त्यातला जास्तीत जास्त पाव हिस्सा कायम होणार, बाकीचे साधारण पावणेबारा लाख घेऊन बिनपेन्शनचे परत. तेव्हा हा प्रश्न मला आणखी किती वर्षं एवढ्या नवलाने विचारला जाईल, सांगता येत नाही.)

करार संपला की रस्त्यावर, असं अर्थातच नसतं. मधे बरंच काही घडतं. युद्धावरून आणलेली झोपमोड, दारू, मोडलेलं लग्न, थकलेलं भाडं. आणि डिस्चार्जच्या कागदावरचा शेरा. वागणूक वाईट असा शेरा पडला असेल तर सरकारच्या माजी सैनिक खात्याची दारं बऱ्याचदा बंदच. गंमत म्हणजे ती वाईट वागणूक पुष्कळदा युद्धातल्या आघाताचंच लक्षण असते.

लोकांनी या कामाला हात कसा घातला, ते मला जास्त सांगण्यासारखं वाटतं. 1988 मध्ये सॅन डिएगोतल्या व्हिएतनाम युद्धातल्या माजी सैनिकांनी एका हायस्कूलच्या मैदानावर तंबू ठोकले. त्या युद्धात आघाडीवरच्या तुकडीला मागच्या सुरक्षित तळावर आणून आंघोळ, गरम जेवण आणि निवांत झोप देत असत, त्याला म्हणत स्टँड डाउन. तेच नाव ठेवून तीन दिवसांची छावणी भरवली. केस कापणारे, दात बघणारे, कपडे वाटणारे, सगळे स्वखुशीने आलेले. आता देशभरात अशा छावण्या भरतात, बऱ्याच ठिकाणी एकाच दिवसाच्या.

पहिल्याच छावणीत आलेल्या 500 जणांना विचारलं, सगळ्यात मोठी अडचण कोणती? 116 जण म्हणाले, आमच्यावर वॉरंट आहे, ते मिटवा. फुटपाथवर झोपलास म्हणून दंड, दंड भरला नाही म्हणून वॉरंट, वॉरंट म्हणून लायसन्स नाही, लायसन्स नाही म्हणून नोकरी नाही. तेव्हा 1989 मध्ये स्टीव्ह बाइंडर नावाच्या सरकारी बचाव वकिलाने न्यायाधीशांनाच छावणीत आणलं आणि शाळेच्या हँडबॉल कोर्टावर न्यायालय बसवलं. दंडाऐवजी, हा माणूस व्यसनमुक्तीला जातो का, काही शिकतो का, ते बघायचं आणि खटला निकाली काढायचा. बेघरांसाठी असं न्यायालय देशातलं पहिलंच. एवढी कामाची सुधारणा फार थोड्या परिषदांतून निघाली असेल.

मी तिथे कपड्यांच्या तंबूत असायचे. माझं काम मोजे आणि बुटांचे नंबर जुळवणं. एकदा साठीचे एक गृहस्थ आले. बूट घालून बघताना त्यांनी शर्टाच्या आतून एक झिपलॉकची पिशवी काढून माझ्या हातात दिली, सांभाळा म्हणाले. आत डीडी-214, म्हणजे डिस्चार्जचा कागद, घड्यांवर चिकटपट्ट्या लावलेला. या कागदावाचून तिकडे माजी सैनिकाला कोणी माजी सैनिक मानत नाही. बूट काही त्यांच्या मापाचे मिळाले नाहीत. कागद मात्र त्यांनी आधी मागून घेतला.

आकडेच हवे असतील तर 2010 मध्ये मोजणीच्या एका रात्री बेघर माजी सैनिक 74 हजार होते, 2024 च्या जानेवारीत 33 हजारांच्या आत. त्याच 2024 ला देशातल्या एकूण बेघरांनी पावणेआठ लाखांच्या जवळ जाऊन विक्रम केला, हे लक्षात घ्या. फरक पडला तो मुख्यतः सरकारच्या भाड्याच्या व्हाउचरने. माणसाने उत्पन्नाच्या साधारण तीस टक्के भरायचे, बाकी सरकार, आणि सोबत एक समाजसेवक. दारू सोडलीस तर घर, अशी अट नाही. आधी घर.

पण व्हाउचर घेऊन हिंडणाऱ्याला घरमालक भेटायला हवा ना! कॅलिफोर्नियात केवळ व्हाउचर आहे म्हणून नाकारणं बेकायदा आहे, तरी सबब कोणाला सापडत नाही? इथे चर्चवाले, माजी सैनिकांच्या संघटना, शेजारीपाजारी उपयोगी पडतात. कोणी घरमालकाला फोन करतं, कोणी डिपॉझिट भरतं. कॅन्सस सिटीत तर माजी सैनिकांनीच 49 छोटी घरं बांधली, डिस्चार्जचा शेरा न बघता देतात, आणि माणूस पुढे स्वतःच्या घरात गेला की भांडीकुंडी, पलंग सोबत नेऊ देतात. 'थँक यू फॉर युअर सर्व्हिस' म्हणणारे विमानतळावर पुष्कळ भेटतात, पलंग उचलायला येणारे थोडे.

आमच्या मराठी ओळखीतले काही जण येतात. त्यांनाही मी हेच सांगते, जुने सूट देऊ नका, त्यांचे ढीग पडलेत. रिकाम्या घरात पहिल्या रात्री लागतं ते द्या: चादर, उशी, टॉवेल, एक पातेलं, आणि डबा फोडायचा ओपनर. ओपनर कायम कमी पडतात.