आडनावात बांध, गावाच्या नावात चिखल

इकडे नेदरलँड्सला आल्यावर पहिल्याच आठवड्यात एक फॉर्म भरायला लागला, त्यात नावाचे तीन रकाने. फोरनाम, टुसेनफूखसल आणि आख्तरनाम. पहिला आणि तिसरा अंदाजाने कळला, नाम म्हणजे आपलं नामच, उच्चारही सेम. मधल्याचा अर्थ बघायचा कंटाळा केला आणि सवयीप्रमाणे तिथे वडिलांचं नाव ठोकून दिलं. मग कितीतरी दिवस माझी पत्रं विचित्रच नावाने यायची, वडील बिचारे स्मॉल लेटर्समध्ये, आणि आम्ही आपले हसतोय.

तो रकाना असतो 'फान', 'दे', 'फान डेर' असल्या शेपटांसाठी. शेपटं म्हणजे आडनावाच्या आधी लागणारी, आपल्या 'कर'च्या उलटं. आणि यादीत ती मोजतच नाहीत! फान डाइक (स्पेलिंग Van Dijk) शोधायचा तर व्ही खाली नाही, डी खाली. ऑफिसच्या लिस्टमध्ये मी एका कलीगला पाच मिनिटं व्ही खाली शोधत होतो, तो समोरच बसला होता.

फान म्हणजे 'चा' किंवा 'हून', डाइक म्हणजे बांध. फान डाइक म्हणजे सरळ बांधकर. इंजिनीअरिंगला आपण सगळ्यांनी ज्या डाइकस्ट्राचा शॉर्टेस्ट पाथ (दोन ठिकाणांमधला सगळ्यात जवळचा रस्ता शोधायची रीत) घोकला तोही बांधावरचाच, फक्त उत्तरेकडच्या फ्रीसलंडमध्ये फान लावण्याऐवजी मागे 'स्ट्रा' लावतात. झाइलस्ट्रा म्हणजे पाण्याच्या झडपेजवळचा, हुकस्ट्रा म्हणजे कोपऱ्यावरचा. म्हणजे फ्रीसलंडवाले आपल्या कोकणातल्यासारखेच, आडनावाची शेपटी मागे.

पण मला खरा धक्का बसला तो चित्रकार रेम्ब्रांटमुळे. त्याचं पूर्ण नाव रेम्ब्रांट हार्मेनझोन फान राइन. हार्मेनझोन म्हणजे हार्मेनचा मुलगा, वडिलांची लायडनला ऱ्हाइन नदीच्या काठी पवनचक्की होती म्हणून फान राइन. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, मग जागेवरून आडनाव. अरे हे तर आपल्या दहावीच्या मार्कशीटवरचं नाव झालं! माझा त्या फॉर्मवरचा घोळ चारशे वर्षांपूर्वी खपून गेला असता.

आडनावांची एक गोष्ट इथे सगळेच रंगवून सांगतात. नेपोलियनने हा देश फ्रान्सला जोडला आणि १८११ मध्ये हुकूम काढला की प्रत्येकाने आडनाव नोंदवायचं. लोकांना वाटलं हे काही टिकत नाही, म्हणून मुद्दाम वेडीवाकडी नावं दिली, उदाहरणार्थ नाक्टखेबोरन, म्हणजे नागडा जन्मलेला. मीही ही गोष्ट दोन पार्ट्यांमध्ये सांगून टाळ्या घेतल्या, मग कळलं की बहुतेकांची आडनावं त्याच्या आधीपासूनच होती आणि ते नाव बहुधा जर्मन 'नाखगेबोरन'वरून आलंय, बाप गेल्यानंतर जन्मलेलं मूल. हसू गेलंच एकदम.

गावांच्या नावात तर नुसतं पाणी आणि चिखल. आम्स्टल नदीवरचा बांध म्हणजे डाम, ते आम्सटरडाम, रोटे नदीवरचा तो रोटरडाम, चीजवालं एडामही त्यातलंच. आम्ही राहतो त्या आम्स्टलफेनमधलं 'फेन' म्हणजे दलदलीतली कुजक्या झाडपाल्याची काळी माती. ही माती कापून वाळवून सरपणासारखी जाळायचे, शतकानुशतकं खणत बसले, जमीन खचली आणि तळी पसरली. त्यातलं हार्लेमरमेर एवढं माजलं की शेवटी वाफेचे पंप लावून १८५२ पर्यंत ते उपसून कोरडं केलं. 'मेर' म्हणजे तळं. तळं गेलं, नाव राहिलं, आणि त्या तळाशी आता स्खिपोल विमानतळ आहे, समुद्रसपाटीच्या तीनेक मीटर खाली. आई पहिल्यांदा आली तेव्हा तिला हे विमानतळावरच सांगितलं, ती म्हणाली आधी बाहेर चल.

लेलीस्टाड तर समुद्राच्या तळावरच वसवलंय, नाव कॉर्नेलिस लेली या इंजिनीअरचं, ज्याच्या प्लॅनवरून १९३२ मध्ये समुद्र अडवणारा मोठा बांध पुरा झाला. राजा नाही, संत नाही, चक्क पाटबंधारेवाला! मला हे फार आवडलं.

शेजारच्या आजी (मनात आजी, तोंडावर नावानेच हाक मारायची, इथे तसंच असतं) आहेत फान डेन बेर्ख. बेर्ख म्हणजे डोंगर. या देशाच्या युरोपातल्या भागातला सगळ्यात उंच डोंगर ३२२ मीटर, म्हणजे आपला स्वारगेटचा स्टँडही त्याच्यापेक्षा वर आहे. त्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, आमच्याकडे वाळूचा ढीग दिसला तरी आम्ही बेर्खच म्हणतो.

मग त्यांनी माझं आडनाव विचारलं. म्हटलं वेंगुर्लेकर, वेंगुर्ल्याचे आम्ही, आणि तुमच्या डच कंपनीची तिथे सतराव्या शतकात वखार होती. त्यांनी दोनदा तीनदा पुटपुटून बघितलं. डिसेंबरात दाराशी चॉकलेटचं पाकीट ठेवून गेल्या, त्यावर बॉलपेनने लिहिलं होतं, फान वेंगुर्ला.