एक पांढरा खडा

इंदूरला रामबागेत मी शाळेतल्या मुलांना 'गो' शिकवतो. पटावर काळे-पांढरे खडे मांडून जागा घेरायच्या, घेरलेली जागा तो आपला मुलूख, असा हा दोघांचा खेळ. परवा आमच्या वर्गाची अंतिम लढत होती. पीथमपूरला कारखाना असलेले एक काका मुद्दाम बघायला आले होते. वडिलांच्या नावाने मोठी ट्रॉफी ठेवायचं त्यांच्या मनात होतं.

डाव दोन मुलींमध्ये, एक आठवीतली, एक सहावीतली. मोजणी आम्ही इंग पद्धतीने करतो. प्रत्येकीकडे नेमके १८० खडे. डाव संपला की मारलेले खडे ज्याचे त्याला परत द्यायचे आणि आपापला मुलूख भरत जायचं. कुणाचे उरले तर ते समोरचीच्या मुलखात. पटावर जागा ३६१, खडे ३६०. शेवटी एकच जागा उरते आणि ती जिच्या मुलखात, ती जिंकली. (पांढरी दुसरी खेळते म्हणून तिला एरवी मिळणारी भरपाई आम्ही मुलांच्या डावात धरत नाही.)

त्या दिवशी काळ्याच्या मुलखात एक जागा उरली आणि पांढऱ्याच्याही एक. "बरोबरी!" मुलं ओरडली. बरोबरी होणंच शक्य नव्हतं. एक खडा हरवला होता! कुठल्या रंगाचा, यावर सगळं अडलेलं. सतरंजी उचलली, दप्तरं झटकली. अखेर कपाटाच्या पायाशी पांढरा खडा सापडला. तो पांढऱ्याच्या रिकाम्या जागेत बसला आणि काळी जिंकली. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण वाद उरला नाही.

काकांना मी इंग चांग-की यांच्याबद्दल सांगितलं. तैवानचे उद्योजक. त्यांच्या नावाची जागतिक स्पर्धा १९८८ मध्ये सुरू झाली, विजेत्याला ४ लाख डॉलर. पहिली कोरियाच्या चो हुन-ह्यूनने चीनच्या न्ये वेइपिंगला हरवून जिंकली. पैसे देणारे पुष्कळ असतात हो. या माणसाने स्वतः नियमांवर डोकं खपवलं आणि १८० खडे पुरते आहेत की नाहीत हे बघताक्षणी कळावं अशा मापाच्या वाट्या काढल्या. मला त्यांचं मोठेपण तिथे दिसतं.

"आमच्या स्टोअरला बेअरिंगं अशीच खाचांच्या ट्रेत ठेवतात," काका म्हणाले.

मी स्पष्टच बोललो, "मग काका, ट्रॉफी राहू द्या. वाट्या करून द्या."

त्यांनी मूठभर खडे तळहातावर घेऊन एकेक चिमटीत धरून पाहिला. "जाडी सारखी नाहीये यांची. माप लागणार नाही. आधी खडे बदलावे लागतील. सोमवारी टूलरूमचा माणूस पाठवतो, त्याला पट दाखवा."