लॅव्हेंडरची कुंडी आणि जूनचा पाऊस

जम्मूच्या डोडा जिल्ह्यात, भद्रवाहच्या डोंगरउतारांवर बरेच शेतकरी मका सोडून लॅव्हेंडर या सुगंधी, जांभळ्या फुलांच्या झुडपाकडे वळले. सीएसआयआर या सरकारी विज्ञान संशोधन परिषदेच्या जम्मूतल्या संस्थेने त्यांना रोपे दिली, तेल काढायची सोय करून दिली. पण मुळात जागाच या झाडाला मानवणारी आहे: उतारावर पाणी थांबत नाही, ऊन भरपूर आणि हिवाळा कडक. लॅव्हेंडरचे मूळ घर भूमध्य समुद्राभोवतीच्या खडकाळ टेकड्यांवर. तिथे उन्हाळा कोरडा असतो. आपल्याकडे झाड सगळ्यात जोमात असताना नेमका पाऊस कोसळतो, आणि महाराष्ट्रातली बहुतेक रोपे त्यातच मरतात.

म्हणून आधी जात नीट निवडा. उत्तम तेलाची ‘अँगस्टिफोलिया’ जात थंडी मिळाल्याशिवाय धड फुलत नाही. पुणे-नाशिककडे ‘डेंटाटा’ घ्या. पानांच्या कडा करवतीसारख्या कातरलेल्या असतात, त्यावरून ती ओळखू येते. वास थोडा कापराकडे झुकणारा, पण उष्णता आणि दमट हवा ती जास्त सोसते.

मातीचा सामू (पीएच, म्हणजे ती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचे माप) ६.५ ते ८ हवा. देशावरच्या काळ्या मातीचा सामू चालतो, पण ती पाणी धरून ठेवते. कोकणातल्या जांभ्या मातीतून पाणी निघून जाते, पण ती आम्लधर्मी. त्यामुळे दोन्हीकडे मिश्रण करावेच लागते. दोन भाग माती, दोन भाग जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे, एक भाग जुने कुजलेले शेणखत. जांभी माती असेल तर दहा-बारा इंची कुंडीला चमचाभर शेतीचा चुना. कोकोपीट अजिबात नको, ते ओल सोडत नाही. कुंडी मातीचीच घ्या आणि खाली ताटली ठेवू नका. खताचा हात आखडता ठेवा. नत्र जास्त झाले की पाला माजतो, फुले आणि वास कमी होतो.

लावणी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. रोज किमान सहा तास ऊन हवे. बोट दोन इंच खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी द्या, तेही बुंध्याशी.

सगळ्यात फसवे लक्षण म्हणजे माती ओली असताना मान टाकलेले रोप. तहानले असेल असे वाटून आपण आणखी पाणी घालतो, पण आत मुळे कुजलेली असतात. अशा वेळी रोप उपटून काळी, मऊ मुळे कापा आणि कोरड्या मिश्रणात पुन्हा लावा. वाचेलच असे नाही, म्हणून फांद्यांची कलमेही त्याच दिवशी करून ठेवा. फूल न आलेला ८-१० सेंमीचा शेंडा घ्या, खालची अर्धी पाने काढा आणि ओलसर वाळूत खोचा. थंडीच्या दिवसांत चार ते सहा आठवड्यांत मुळे धरतात.

मेअखेर झाड एक तृतीयांश छाटा, म्हणजे पावसाळ्यात आत हवा खेळते. मात्र प्रत्येक फांदीवर हिरवी पाने उरली पाहिजेत. तपकिरी, जुन्या लाकडापर्यंत कापले तर तिथून सहसा पुन्हा फुटवा येत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कुंडी पागोळ्यांपासून दूर, छपराखाली पण उजेडात आणि वारा लागेल अशा जागी ठेवा.