रडायलास कामून?

घरून काम करतो. सकाळी लॅपटॉप उघडला की दुपारच्या चहापर्यंत डोळ्यांतून पाणी गळायला लागतं. आई येता-जाता विचारते, "रडायलास कामून?"

डॉक्टर म्हणाले, डोळे कोरडे पडलेत. मला हसूच आलं. धार लागलीय आणि म्हणे कोरडे! पण प्रकार तसाच असतो. एरवी आपली पापणी मिनिटाला १५-२० वेळा मिटते, स्क्रीनपुढे ५-७ वर येते, तीही अर्धीमुर्धी. पापण्यांच्या कडेला बारीक ग्रंथी असतात, त्या अश्रूंवर तेलाचा पातळ थर पसरवतात. पापणी नीट मिटली नाही की तेल पसरत नाही आणि खालचं पाणी उडून जातं. त्यात आमचा एप्रिल, आणि पंख्याचं तोंड थेट माझ्याकडे. डोळा खुपायला लागला की मग एकदम लोंढा सुटतो, पण ते पाणी डोळ्यात ठरत नाही, गालावर येतं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेल्या लातूरकराला, पाणी येणं वेगळं आणि टिकणं वेगळं, हे काय सांगायचं!

दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघा, असंही सांगितलं. २० फुटांवर शेजाऱ्यांची टाकी आहे. ती कधी भरते, कधी सांडते, मला आता पाठ झालंय.

"घरात कुणाला जन्मापासून डोळ्यांचं काही?" मी मामा सांगितला. त्याला लाल आणि हिरवा वेगळा कळत नाही. डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक पुढं केलं, जपानच्या इशिहारांनी १९१७ साली काढलेलं. मला सगळे आकडे दिसले. म्हणजे मामाकडून आलं ते फक्त टक्कल. हा दोष बहुतेक वेळा आईकडून मुलाला येतो, तिला स्वतःला मात्र सहसा नसतो. त्यावर थेंब नाहीत, ऑपरेशन नाही. मामाच्या मुलीला सगळे रंग लख्ख दिसतात, तिच्या पोराला नाही.

परवा गावी गेलो तर आजा-नातू ओसरीवर मिरच्या निवडत बसलेले. मामा एकेक मिरची बोटांनी दाबून बघत होता. पोरानं दोन वर धरल्या, "आज्जे, यातली पिकलेली कोणती?"

मामीनं पदरानं धुराचे डोळे पुसले, चुलीपुढून मान वळवली.

"दोन्ही हिरव्याच हायत की रे!"