वाळूजच्या पाण्याला कितवा क्रमांक द्यायचा?

कंपनीच्या शाश्वतता अहवालातील (पर्यावरण आणि समाजाविषयीच्या कामगिरीच्या अहवालातील) सर्वांत निर्णायक मजकूर म्हणजे ‘आमच्यासाठी महत्त्वाचे मुद्दे’ या शीर्षकाखालची यादी, असे मी मानते. या यादीत ज्याला जागा मिळते त्यालाच पुढे उद्दिष्ट, निधी आणि जबाबदार अधिकारी मिळतो. ज्याला मिळत नाही त्याचा विषय वर्षभर एकाही बैठकीत निघत नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२१ मध्ये आणलेला आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना बंधनकारक केलेला बीआरएसआर हा व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल हीच यादी मागतो: मुद्दा कोणता, तो जोखीम की संधी, तो का निवडला, त्यावर उपाय काय आणि त्याचा आर्थिक परिणाम काय. छत्रपती संभाजीनगर परिसरातील कारखान्यांसाठी हे काम करताना माझे एक मत पक्के झाले आहे. मुद्द्यांचा क्रम चुकतो, तो बहुतेक वेळा प्रश्न कोणाला, कोठे आणि केव्हा विचारला यामुळे.

प्रचलित पद्धत सर्वांना ठाऊक आहे. मुख्यालयात तीस-चाळीस विषयांची यादी होते, ती ईमेलने कर्मचारी, पुरवठादार, ग्राहक आणि गुंतवणूकदारांकडे जाते, प्रत्येकाने एक ते पाच गुण द्यायचे आणि सरासरी काढून आलेख मांडायचा. ज्याच्याकडे ईमेलच नाही तो कंत्राटी कामगार पहिल्याच पायरीवर गळतो. सरासरीचा दोष याहून मोठा आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत पाणी अकराव्या क्रमांकावर आले होते, कारण तिच्या इतर राज्यांतील कारखान्यांना पाण्याची टंचाई कधी सोसावी लागली नव्हती. तिच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात देखभाल विभागाच्या प्रमुखांनी माझ्यापुढे २०१६ सालची गेटवरची वही ठेवली. तारीख, टँकरचा क्रमांक, आत आल्याची वेळ, लिटर, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण), चालकाची सही असे तिचे रकाने होते. उन्हाळ्याच्या पानांवर टीडीएसचे बरेच आकडे लाल शाईने गोल केलेले होते. ते पाणी रंगकाम विभागात चालणारे नव्हते, म्हणून टँकर परत पाठवले होते. “मॅडम, पाणी नाही म्हणजे लाइन बंद. हे त्या फॉर्ममध्ये कुठे लिहायचं?” असे त्यांनी विचारले.

त्या वर्षी जायकवाडीचा जिवंत साठा संपला होता, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एप्रिलमध्ये मद्यनिर्मिती कारखान्यांचे पाणी निम्म्याने कापण्याचा आदेश दिला होता. मे महिन्यात ही कपात ६० टक्क्यांवर गेली. इतर उद्योगांनाही कपात सोसावी लागली. ज्या धरणाच्या पाण्यावर पैठणपासून शहरापर्यंतची माणसे, शेती आणि कारखाने अवलंबून आहेत, तेथे पाण्याला देशभराच्या सरासरीने क्रमांक देणे मला मान्य नाही. त्या कंपनीत आम्ही प्रत्येक कारखान्याची यादी स्वतंत्र केली आणि वाळूजपुरते पाणी पहिल्या क्रमांकावर घेतले.

मात्र येथे आणखी एक बाजू आहे, आणि ती अधिक दुर्लक्षित आहे. पाणी तुटल्याने कंपनीचे किती नुकसान होईल, हा एक प्रश्न. कंपनीच्या उपशामुळे शेजारच्या गावातील विहिरींचे काय होईल, हा दुसरा. आयएसएसबी या आंतरराष्ट्रीय मंडळाची शाश्वतता अहवालांसाठीची २०२३ मधील मानके गुंतवणूकदाराच्या नजरेने मुख्यतः पहिला प्रश्न विचारतात, असेच मानके ठरवणारी जीआरआय ही संस्था दुसरा विचारते, तर युरोपीय संघाची मानके दोन्ही विचारतात. जीआरआयच्या २०२१ च्या मानकात प्रतिकूल परिणामाचे गांभीर्य तीन कसोट्यांवर तोलले जाते: परिणाम किती तीव्र आहे, किती जणांपर्यंत पोहोचतो आणि झालेली हानी भरून निघण्याजोगी आहे का. माणसांच्या हक्कांचा संबंध असेल तर घडण्याची शक्यता कमी असली तरी गांभीर्यालाच अग्रक्रम द्यावा, असेही ते मानक सांगते. माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रक्रियेतील हा सर्वांत मोलाचा नियम आहे.

त्याचे मोल साखर उद्योगात कळते. साखर कारखान्याला मुद्दे विचारले की बगॅसपासून (उसाच्या चिपाडापासून) वीज, इथेनॉल आणि स्पेंटवॉशची (मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याची) विल्हेवाट ही उत्तरे लगेच मिळतात. ऊस तोडणारे मजूर त्यात क्वचितच येतात, कारण मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेऊन आलेला ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला, तेव्हा राज्य सरकारच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. वर सांगितलेल्या तिन्ही कसोट्या येथे एकाच वेळी लागू होतात. बहुतेक कारखाने शेअर बाजारात सूचीबद्ध नसल्याने सेबीचा नमुना त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, हे खरे. पण त्यांची साखर घेणाऱ्या सूचीबद्ध खाद्यपदार्थ आणि शीतपेय कंपन्यांनी आपल्या यादीत हा मुद्दा घ्यायलाच हवा, कारण गोडवा त्यांच्या मालात आहे आणि उचलीचा बोजा तोडणाऱ्या बाईच्या अंगावर.

आता वेळेविषयी. नोव्हेंबर ते मार्च या हंगामात उसाच्या फडात आणि त्यांच्या मुक्कामाच्या तळावर गेल्याशिवाय हे मजूर भेटत नाहीत. एप्रिलनंतर ते गावी परतलेले असतात आणि नेमके तेव्हाच अहवालाचे काम सुरू होते. पाण्याचा प्रश्न ऑगस्टमध्ये, जायकवाडीचा नाथसागर जलाशय भरत असताना विचारला तर एक उत्तर येते आणि मे महिन्यात दुसरे. म्हणून मी गाठीभेटी दोन टप्प्यांत ठेवते आणि तळावरच्या बायकांशी बोलताना मुकादम व कारखान्याचा कर्मचारी दूर राहील, याची आधीच व्यवस्था करून घेते.

अंतिम यादी संचालक मंडळापुढे जाते, तेव्हा तिच्यासोबत वगळलेल्या मुद्द्यांचीही यादी जावी, असा माझा आग्रह असतो: कोणता मुद्दा वगळला, कोणाच्या सूचनेने आणि कोणत्या कारणाने. काही संचालकांना ती अनावश्यक वाटते. पण “आमच्या हजेरीपटावर नाहीत” हे कारण लेखी, सहीसह द्यावे लागले की त्यावर चर्चा होते, आणि त्या चर्चेत मुद्दा पुन्हा यादीत आल्याचे मी पाहिले आहे.