ड्रेस्डेनचं शून्य आणि मनसरचं मँगनीज
मोजमाप संपलं, आलेख झकास आला, आणि जर्मनीत ड्रेस्डेनच्या आमच्या लॅबमधले साठीला टेकलेले तंत्रज्ञ काका म्हणतात, "तुझं शून्य खरंच शून्य आहे कशावरून?" डोकंच फिरलं.

मी मोजत होतो एक्स्चेंज बायस. त्यात चुंबकीय पदार्थाचा हिस्टेरिसिस लूप, म्हणजे क्षेत्र उलटसुलट फिरवताना चुंबकत्व कसं बदलतं त्याचा बंद आलेख, मधोमध न राहता एका अंगाला सरकतो. 1956 मध्ये मायकेलजॉन आणि बीन यांना तो ऑक्साईडचा थर असलेल्या कोबाल्टच्या कणांत दिसला. एरवी त्यासाठी पदार्थ चुंबकीय क्षेत्रात थंड करावा लागतो. माझ्या निकेल-मँगनीज-इंडियम या मिश्रधातूत मात्र क्षेत्राशिवाय थंड केलं तरी लूप सरकतो, म्हणून हा उत्स्फूर्त एक्स्चेंज बायस. 2011 पासून हे माहीत आहे. थंड झाल्यावर पहिलं क्षेत्र ज्या दिशेने लावाल, ती दिशा पदार्थ धरून बसतो. शाळेत पहिल्या दिवशी पकडलेला बाक वर्षभर आपला, तसं.

गोम अशी, की सुपरकंडक्टिंग चुंबकाचा करंट शून्यावर आणला तरी आत थोडं क्षेत्र अडकून राहतं. त्यातच नमुना थंड झाला तर उत्स्फूर्त कसलं डोंबलाचं! म्हणून क्षेत्र उलटसुलट फिरवत, दर फेरीला कमी करत उतरवायचं. उरलेलं क्षेत्र, ज्याचं चुंबकत्व नेमकं ठाऊक आहे अशा पॅलेडियमच्या नमुन्यावर तपासायचं. मग पहिलं क्षेत्र एकदा अधिक, एकदा उणे. मधे नमुना पुन्हा तापवून थंड करायचा. लूप दोनदा विरुद्ध अंगांना सरकला तरच खरं. शिवाय क्षेत्र कमी पडलं, तर अर्धवट लूपही सरकल्यासारखा दिसतो.

हे आम्हा भारतातल्यांना कळत नाही असं नाही. 2013 मध्ये खरगपूरच्या आयआयटीतून कोबाल्ट-मँगनीजच्या ऑक्साईडमधला असाच मोठा उत्स्फूर्त परिणाम प्रसिद्ध झाला होता. पण इथे ड्रेस्डेनला, नमुना द्रव नायट्रोजनहून खूप थंड करणारा हेलियम उकळून उडाला तरी पाइपने परत जातो आणि पुन्हा द्रव होऊन येतो. नागपुरात शिकताना माझी मजल द्रव नायट्रोजनपर्यंतच, म्हणजे 77 केल्विन. शंका घ्यायलाही हेलियम लागतो बापा! तो हाताशी असता तर मीही असाच खोदून खोदून विचारत बसलो असतो.

असो. लूप दोन्हीकडे सरकला. काकांनी नुसती मान हलवली, आणि आणखी मोठ्या क्षेत्रात मोज म्हणाले.

मग मीही ऐकवलं: या मिश्रधातूतले तिसऱ्या हिश्शाहून जास्त अणू मँगनीजचे आहेत, आणि मँगनीज आमच्याकडे मनसर, कांद्रीला जमिनीतून निघतं, ते काढणाऱ्या मॉईल या सरकारी कंपनीचं मुख्य ऑफिस काटोल रोडला, आमच्या नागपुरात. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "शुद्धता किती टक्के?"