कोलंबस, पण ओहायोचं नव्हे

पुण्याला गेलं की कोणीतरी विचारतंच, "कोलंबस म्हणजे ओहायोतलं ना?" नाही हो, इंडियानातलं. मग पुढचा प्रश्न ठरलेला: "तिथे आहे तरी काय?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

वस्ती 50 हजारांच्या आसपास, चहूकडे मका आणि सोयाबीन. 1821 साली जनरल टिप्टन यांनी जमीन दिली म्हणून गावाचं नाव आधी टिप्टोना ठेवलं आणि लगेच बदलून कोलंबस केलं. टिप्टन रुसले, असं इथे सांगतात. रुसणारच!

कोथरूडकरांचं मात्र या गावाशी जुनं नातं. 1962 मध्ये पुण्यात आलेल्या किर्लोस्कर कमिन्समधल्या कमिन्सचं मूळ घर हेच. क्लेसी कमिन्स हा इथल्या अर्विन या बँकवाल्यांचा ड्रायव्हर. 1919 मध्ये मालकाच्या पैशांवर त्याने डिझेल इंजिनांची कंपनी काढली. पहिला नफा दिसला 1937 मध्ये! एवढा धीर धरणारा मालक मी तरी पाहिलेला नाही.

त्याच घराण्यातल्या जे. अर्विन मिलर यांनी महायुद्धानंतर गावापुढे एक प्रस्ताव ठेवला. शाळा तुम्ही बांधा. आर्किटेक्ट आमच्या यादीतला निवडलात, तर त्याची फी कंपनीचं फाउंडेशन देईल. पहिली शाळा 1957 ची. चांगले इंजिनिअर इथे यावेत, टिकावेत, हा हिशेब त्यात होताच. असेना का!

शाळांमागोमाग अग्निशमन केंद्रंही आली. चार नंबरचं आर्किटेक्ट रॉबर्ट व्हेंचुरीचं. मधोमध उंच मनोरा, त्यावर भला थोरला '4'. पाहुणे त्याचे फोटो काढतात. मनोरा खरं तर ओले पाइप वाळत घालायला. आर्किटेक्ट ईरो सारिननने 1954 मध्ये बांधलेली बँक तर काचेचीच. आता तिथे बँक नाही. पण तेव्हा कॅशियर आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये जाळी नव्हती. बँकेत शिरताना कोणी बिचकू नये, हे मिलर यांचं म्हणणं.

आर्किटेक्ट आय. एम. पेई यांच्या लायब्ररीसमोर शिल्पकार हेन्री मूरची ब्राँझची कमान आहे, 20 फुटी. बाबा आले तेव्हा मी त्यांना हे सगळं साग्रसंगीत सांगत होते. आई तोवर कमानीच्या सावलीत जाऊन बसली आणि पिशवीतल्या शेंगा सोलायला लागली.